राऊटर आधी वायरवर, मग हवेत

नव्या राऊटरच्या खोक्यात एक घडीचा कागद असतो. त्यावर तीन चित्रं: डबा, वायर आणि आनंदी चेहऱ्याचा मोबाइल. वायर खुपसा, मोबाइल उघडा, झालं. या कागदावर माझा जुना राग आहे. तो खोटं काही सांगत नाही, पण सांगायला हवं ते नेमकं गाळतो. आमच्या नात्यातलं कुणी ‘नेट फार स्लो आहे गं’ म्हणत फोन करतं, तेव्हा दोष तीनपैकी कुठेही असू शकतो. बाहेरून येणारी लाइन, घरातला डबा, किंवा डबा आणि मोबाइल यांच्या मधली हवा. कागदाबरहुकूम राऊटर लावला की हे तिन्ही एकदमच सुरू होतं आणि मग कोण रडतंय ते कुणालाच कळत नाही. म्हणून माझा हट्ट असतो की आधी नेट वायरवर चालवून बघायचं. वायफायचं नावसुद्धा तोवर काढायचं नाही.

परवा ताईच्या नव्या घरी हेच केलं. ताई, भाऊजी आणि भाचा अशी तीन माणसं, राऊटरबद्दल चार मतं. त्यात मी पाचवी.

भिंतीवर एक डबा कंपनीच्या माणसाने आधीच लावून ठेवला होता. फायबरची बारीक केबल ज्यात शिरते तो, ओएनटी. प्रकाशातून आलेला मजकूर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणं हे त्याचं काम. ती एक जोडणी घरातल्या सगळ्या उपकरणांत वाटून देणं हे राऊटरचं. काही ठिकाणी दोन्ही एकाच डब्यात येतात, ताईकडे वेगवेगळे आहेत. फायबरच्या टोकाला हिरवं प्लास्टिक असतं. हिरवा रंग असेल तर आतली काच ८ अंशांच्या तिरक्या कोनात घासलेली असते, म्हणजे परत फिरणारा प्रकाश आल्या वाटेने मागे जात नाही. निळ्या टोकाची काच तशी तिरकी नसते, त्यामुळे हिरव्याच्या जागी निळं चालत नाही. भाचा ते टोक ओढून आत डोकावायच्या बेतात होता. त्याला म्हटलं, बाबा रे, त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्यांत जातो. शिवाय त्या काचेवर धूळ बसली तरी सिग्नल पडतो. ती केबल काटकोनात दुमडायची नाही, कपाटामागे चेपायची नाही. बाकी तिच्याकडे आपलं काही काम नाही.

खोकं फोडण्याआधी कंपनीला फोन करून तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. पहिली, जोडणीला लॉगिन लागतं की पत्ता आपोआप मिळतो? लॉगिन लागत असेल तर ते बहुधा पीपीपीओई असतं. त्याचं नाव आणि पासवर्ड लिहून घ्यायचा, कारण तो वायफायच्या पासवर्डहून वेगळा असतो आणि लोक हमखास इथेच गोंधळतात. दुसरी, ओएनटी स्वतःच राऊटरचं काम करतोय का? करत असेल तर आपला राऊटर त्याच्यामागे दुसरा राऊटर होऊन बसतो. वेबसाइट उघडतात, पण ऑनलाइन खेळ आणि बाहेरून बघायचे कॅमेरे कुरकुर करतात. ओएनटी ब्रिज मोडवर, म्हणजे राऊटरचं काम न करता नुसता सिग्नल पुढे देईल असा, टाकून मागितला की प्रश्न मिटतो. तिसरी, जुन्या राऊटरचा मॅक पत्ता, म्हणजे त्या डब्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, त्यांच्याकडे नोंदवलेला आहे का? असेल तर नव्या राऊटरला सगळं बरोबर असूनही नेट मिळत नाही. अशा वेळी त्यांना सांगून नोंद बदलून घ्यायची, किंवा राऊटरच्या सेटिंग्जमध्ये जुना मॅक पत्ता भरायचा. जवळजवळ प्रत्येक राऊटरमध्ये ती सोय असते.

मग ओएनटीची वायर राऊटरच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरच्या लाइनसाठीचा, याचा रंग सहसा बाकीच्यांहून वेगळा असतो) आणि लॅपटॉपची वायर लॅन पोर्टमध्ये (घरातल्या उपकरणांसाठीचा). ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१, जे डब्याच्या पोटाखालच्या लेबलवर छापलेलं असेल ते. ब्राउझर ‘हे पान सुरक्षित नाही’ म्हणतो, त्याला म्हणू द्यावं, पान आपल्याच डब्यातलं असतं. मोबाइलवरून करणार असाल तर मोबाइल डेटा आधी बंद करा. राऊटरला अजून नेट नसल्यामुळे फोन शहाणपणा करून गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो आणि मग सेटिंग्जचं पान काही केल्या उघडत नाही. आजकाल कंपन्या अ‍ॅप डाउनलोड करा, खातं उघडा, ईमेल द्या म्हणतात. माझ्या घरातला डबा उघडायला मी कुणाकडे खातं का उघडावं? ब्राउझरने काम होतं तोवर मी अ‍ॅपच्या वाटेला जात नाही.

आत शिरल्यावर सर्वांत आधी हे पान उघडणारा अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलायचा, वायफायचा नंतर. २०१६ मध्ये मिराई नावाचा व्हायरस जगभर पसरला तो याच आळसावर. कारखान्यातून येणारी साठेक नावं आणि पासवर्ड त्याच्या यादीत होते. ते एकामागून एक लावत तो घराघरांतल्या कॅमेऱ्यांत आणि राऊटरमध्ये शिरला. त्या ऑक्टोबरात याच उपकरणांनी मिळून डाइन (Dyn) या डीएनएस पुरवणाऱ्या, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या, कंपनीवर इतका मारा केला की ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या साइट अनेकांना काही तास उघडता येईनात. त्या घरांतल्या कुणालाही आपला डबा कुठे लढाईला गेलाय याचा पत्ता नव्हता. पासवर्डनंतर फर्मवेअर, म्हणजे डब्याच्या आतला मूळ प्रोग्राम, अपडेट करायचा. तेवढा वेळ डब्याची वीज जाणार नाही एवढं बघायचं.

आता वायरवर स्पीड टेस्ट. आकडा चढत चढत ९४ वर गेला आणि तिथेच बसला. पुन्हा लावली, पुन्हा तेच. ताईचा प्लॅन ३०० एमबीपीएसचा. भाऊजींनी कंपनीला झापायला फोन हातात घेतलाच होता. मी थांबवलं, कारण ९४ हा माझ्या चांगल्या ओळखीचा आकडा आहे. घरातली इथरनेटची, म्हणजे वायरची, जोडणी सहसा १०० ला चालते किंवा १००० ला. १०० ला चालली की डेटाच्या प्रत्येक तुकड्याबरोबर जाणारे पत्ते वगैरे वजा होऊन हातात ९४-९५ पडतात. लाइनच मंद असती तर आकडा ८१ वर थांबला असता, १३७ वर थांबला असता, कुठेही. नेमका ९४ वर अडला म्हणजे वाटेतली एखादी वायर किंवा पोर्ट १०० वर उतरलंय. कंपनीचा यात काही संबंध नाही.

इथरनेटच्या केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. १०० ला दोनच जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात. एखादी तार तुटलेली असली किंवा टोकाच्या क्लिपमध्ये नीट टेकत नसली, की दोन्हीकडचे पोर्ट आपापसात ठरवून १०० वर तडजोड करतात. दिवा हिरवाच राहतो, नेट चालूच असतं, फक्त दोन तृतीयांश स्पीड वाटेतच राहतो. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये ‘लिंक स्पीड’ म्हणून एक ओळ असते, तिथे १०० दिसलं की चोर सापडला. इथे लॅपटॉपच्या बाजूला १००० होतं, म्हणजे गडबड ओएनटी आणि राऊटर यांच्यामधल्या वायरीत. जुन्या घरून आणलेली, क्लिपची जीभ तुटलेली वायर होती ती. खोक्यात आलेली नवी वायर लावली आणि टेस्ट २९० च्या पुढे गेली. भाऊजींनी फोन खिशात ठेवला.

हीच टेस्ट थेट वायफायवर घेतली असती तर? आकडा खोलीगणिक बदलला असता, कुणी ‘भिंती जाड आहेत’ म्हटलं असतं, कुणी ‘जास्त अँटेनाचा घ्यायला हवा होता’ म्हटलं असतं, आणि ती तुटक्या जिभेची वायर वर्षानुवर्षं तिथेच राहिली असती.

राऊटर विकत घेतानाही हे बघण्यासारखं आहे. खोक्यावर १२०० किंवा ३००० असा ठळक आकडा असतो. ती २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ या दोन्ही बँडच्या, म्हणजे वायफायच्या लहरींच्या पट्ट्यांच्या, कागदोपत्री स्पीडची गोळाबेरीज असते. कुठलाही एक फोन एका वेळी सहसा एकाच बँडवर असतो. आणि १२०० लिहिलेल्या काही राऊटरचे पोर्ट १०० चेच असतात! खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात ‘गिगाबिट’ आहे का ते वाचून घ्यायचं. ‘फास्ट इथरनेट’ लिहिलं असेल तर ते १००. नावात फास्ट असूनही.

वायर मार्गी लागली, मग हवा.

भाऊजींना राऊटर टीव्हीच्या कपाटात, दाराआड हवा होता. ‘दिसायला बरं नाही’ हे एकच कारण. तिथे टीव्हीची धातूची पाठ, बाजूला आरसा. आरशाच्या मागे धातूचा थर असतो आणि धातू या लहरी परतवतो. पाणी त्या शोषतं, त्यामुळे माशांच्या टाकीच्या मागेही ठेवू नये. सळ्या घातलेली काँक्रीटची भिंत दोन्ही पापं करते. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, ५ गिगाहर्ट्‌झची सहाच्या आसपास. लांब लहर भिंतीतून त्यातल्या त्यात बरी निभावते, म्हणून दूरच्या खोलीत २.४ पोहोचतो आणि ५ दम तोडतो. मोकळ्या जागेतसुद्धा अंतर दुप्पट झालं की ताकद चौथाईवर येते. त्यात भिंती आल्या की बघायलाच नको.

अँटेनांचंही तेच. त्या राऊटरकडून खोलीकडे रोखायच्या असतात असा अनेकांचा समज आहे. खरं तर काडीसारख्या अँटेनाचा प्रसार तिच्याभोवती गाडीच्या टायरसारखा असतो. सगळा जोर कडेने, टोकाच्या दिशेने जवळजवळ काहीच नाही. ज्या खोलीकडे अँटेना रोखाल त्याच खोलीला सगळ्यात कमी मिळणार. एका मजल्याचं घर असेल तर सगळ्या उभ्या ठेवा. वर मजला असेल तर एखादी आडवी करून बघा.

मी वाद घालत बसले नाही. फोनमध्ये सिग्नलचा आकडा दाखवणारं अ‍ॅप टाकलं आणि ताईच्या हातात दिलं. हा आकडा वजा डीबीएममध्ये असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. वजा ५० उत्तम, वजा ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल सुखाने चालतो, वजा ८० ला फोनवर रेंज दिसते पण काम होत नाही. आणि दर ३ ला ताकद निम्मी होते, त्यामुळे ६० आणि ६३ यांत फार फरक नाही असं समजू नये. राऊटर कपाटात ठेवून ताई घरभर फिरली, मग पॅसेजमधल्या उंच फळीवर ठेवून फिरली. तिच्या कामाच्या टेबलाशी कपाटातून वजा ७८ येत होतं, फळीवरून वजा ६१. सतरा डीबी म्हणजे जवळजवळ पन्नास पट. भाऊजी म्हणाले, ‘बरं, फळीवर राहू दे, पण वायरी नीट बांध.’

वायफायला नाव द्यायचा कार्यक्रम भाच्याकडे होता. त्याला देवनागरीत ‘इथे फुकट नाही’ असं नाव हवं होतं. मावशीलाही आवडलं. पण राऊटर घेईना. वायफायच्या नावाला मर्यादा ३२ बाइटची असते. रोमन अक्षर एका बाइटमध्ये बसतं, देवनागरीला मात्र प्रत्येक अक्षरचिन्हाला तीन लागतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. ‘इथे’चे ९, ‘फुकट’चे १२, ‘नाही’चे १२, मधल्या दोन रिकाम्या जागा धरून ३५. तीन जास्त. थोडक्यात, काना-मात्रांसकट दहा चिन्हांत जे मावेल ते. नुसतं ‘फुकट नाही’ २५ मध्ये बसतं. ते टाकलंही, पण ताईच्या जुन्या प्रिंटरच्या इवल्याशा पडद्यावर त्या नावाच्या जागी चौकोन उमटले.

शेवटी जुन्या घरातलं नाव आणि जुनाच पासवर्ड नव्या राऊटरला दिला. टीव्ही, प्रिंटर, फोन, भाच्याचा खेळायचा डबा, सगळे काही न विचारता आपसूक जोडले गेले. राऊटर बदलताना वाचणारा सगळ्यात मोठा ताप हाच. सुरक्षेचा प्रकारही जुळता लागतो, एवढंच. फक्त जुना पासवर्ड फार जणांना माहीत असेल किंवा अगदीच लेचापेचा असेल तर हा मोह टाळावा. ८ ते ६३ अक्षरांची मुभा असताना लोक मोबाइल नंबर ठेवतात, त्याला काय म्हणावं. चार असंबद्ध शब्द एकापुढे एक जोडले की टाइप करायलाही सोपं आणि शोधायलाही अवघड.

सुरक्षेचा प्रकार, म्हणजे वायफायचं कुलूप, डब्ल्यूपीए३ निवडा, किंवा जुनी उपकरणं असतील तर डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र. यादीत डब्ल्यूईपी दिसलं तर त्याकडे बघूही नका, त्याचं कुलूप २००१ मध्येच फुटलंय. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता कळ दाबून किंवा पिनने जोडायची सोय, मी बघताक्षणी बंद करते. त्याचा पिन आठ आकडी, म्हणजे दहा कोटी शक्यता असायला हव्यात. पण राऊटर पिनचे दोन अर्धे वेगवेगळे तपासतो आणि शेवटचा आकडा बाकीच्यांवरून काढलेला असतो. १०,००० अधिक १,०००, अकरा हजारांत खेळ खलास. हे २०११ मध्ये उघड झालं, तरी तो पर्याय आजही कित्येक राऊटरमध्ये चालू स्थितीत येतो. वायफायचं नाव लपवण्याने काही साधत नाही. उलट तुमचा फोन जाईल तिथे त्या नावाने हाका मारत फिरतो.

चॅनेलबद्दल थोडं. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. शेजाऱ्यांनी ६ वर गर्दी केली असेल तर ३ घेऊन आपण मधला मार्ग काढला असं वाटतं, प्रत्यक्षात १ आणि ६ दोन्हींशी भांडण ओढवतं. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्‌झवरच ठेवा. ५ मध्ये जागा मोकळी असते, तिथे ८० चालते. तिथले ५२ ते १४४ हे चॅनेल बऱ्याच देशांत रडारसोबत वाटून घ्यावे लागतात. त्यावर राऊटर सुरू होताना निदान मिनिटभर नुसता कान देऊन बसतो. तेवढा वेळ ५ चं नेटवर्क दिसत नाही म्हणून पुन्हा पुन्हा बंद-चालू करू नका, प्रत्येक वेळी त्याचं मिनिट नव्याने सुरू होतं. राऊटरला यूएसबी ३ ची हार्डडिस्क लावणार असाल तर ती अँटेनापासून लांब ठेवा. तिचा गोंगाट नेमका २.४ मध्ये पडतो.

यानंतर ताईने अशी तक्रार काढली जिच्यासाठी मी खास वेळ राखून ठेवला होता. जुन्या घरी भाचा व्हिडिओ चढवायला लावायचा आणि तिच्या मीटिंगमध्ये सगळे रोबोसारखे बोलायला लागायचे. स्पीड टेस्ट मात्र उत्तम. हा दोष स्पीडचा नसतो, रांगेचा असतो. राऊटर किंवा मोडेममध्ये डेटा साठवायची जागा गरजेपेक्षा मोठी असली की चढणारा व्हिडिओ ती भरून टाकतो आणि आवाजाचा चिमुकला तुकडा त्या रांगेच्या शेपटाला उभा राहतो. जिम गेटिस या संगणक अभियंत्याला २०१० मध्ये हा दोष स्वतःच्या घरच्या जोडणीवर दिसला आणि त्याने त्याचा पाठपुरावा केला. नव्या राऊटरमध्ये ‘एसक्यूएम’ किंवा ‘क्यूओएस’ असं पान असतं. तिथे अपलोडची मर्यादा मोजलेल्या स्पीडच्या ९० टक्क्यांवर ठेवली. रांग आता राऊटरच्या हातात राहते आणि तो छोट्या तुकड्यांना पुढे जाऊ देतो. भाच्याचा व्हिडिओ चढत असताना ताईने मला पलीकडच्या खोलीतून कॉल लावला, आवाज स्वच्छ होता. दहा टक्के स्पीड मुद्दाम सोडून द्यायचा हे भाऊजींच्या पचनी पडलेलं नाही.

राहिली वरची खोली. तिथे वजा ८२. भाच्याला रिपीटर, म्हणजे वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा, हवा होता. एकाच रेडिओवर चालणारा रिपीटर जे ऐकतो तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे स्पीड साधारण निम्मा होतो. आणि तो ठेवतात रेंज संपते तिथेच, म्हणजे मुळात क्षीण झालेलं पुढे ढकलायला. त्यापेक्षा जुना राऊटर पडून होताच. त्याची रिसेटची बारीक कळ पिनेने दहा सेकंद दाबून त्याला कोरा केला, पत्ता १९२.१६८.१.२ दिला, डीएचसीपी बंद केलं म्हणजे पत्ते वाटणारा घरात एकच राहतो, आणि खालून आणलेली वायर त्याच्या वॅनमध्ये न लावता लॅनमध्ये लावली. नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार खालच्यासारखाच, चॅनेल मात्र वेगळा. खाली २.४ वर १ आहे, वर ११. फोन जिना चढता चढता स्वतःच बदल करतो. सध्या ती वायर कठड्यावरून लोंबतेय. क्लिपा ठोकायचं काम भाऊजींकडे आहे, आणि खिळा वायरीतून जाऊ देऊ नका असं त्यांना बजावून ठेवलंय.